पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

अमेरिकेत सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वाचायला साधेसे उतारे दिले. एक सूर्याविषयी होता, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांविषयी. विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि प्रत्येक गटाला चार फेऱ्या दिल्या. पहिल्या गटाने चारही फेऱ्यांत उतारा वाचायचा. दुसऱ्याने तीन फेऱ्या वाचायचा आणि चौथ्या फेरीत तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं. तिसऱ्याने पहिल्या फेरीतच काय ते वाचून घ्यायचं आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत फक्त आठवून लिहायचं. काय चुकलं, काय राहिलं, हे कोणालाही सांगितलं नाही. पहिल्या गटाने उतारा सरासरी चौदा वेळा वाचला, तर तिसऱ्या गटाची वाचनं साडेतीनच्या आतच राहिली.

ज्यांची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, त्यांचा निकाल कोणीही सांगितला असता तसाच लागला. चौदा वेळा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, मधल्या गटाला ७८ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांच्यात मात्र क्रम उलटा झाला. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, मधला गट ५६ वर राहिला आणि तीनदा आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकले. आणखी गंमत म्हणजे, आठवड्याने किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्यांत जास्त भरवसा होता तो वाचत राहणाऱ्या गटाला.

हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. मन लावून, जागून अभ्यास करणाऱ्या मुलांचं नेमकं कुठे बिनसतं, हे त्यात दिसतं. अभ्यास करताना जे सोपं जातं ते टिकेलच असं आपण धरून चालतो आणि जे जड जातं ते आपल्याला येत नाही असं समजून टाळतो. स्मृतीचा कारभार बऱ्याचदा याच्या उलट चालतो.

ओळखीचं आणि आठवणारं

लग्नात एखादा माणूस हसून समोर येतो. चेहरा पक्का ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. पाचव्यांदा वाचलेल्या धड्याशी आपलं नातं असंच असतं. पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं. पुढच्या वाक्यात काय येणार तेही ठाऊक असतं, आकृती पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे तेही. त्यामुळे ‘हे मला येतं’ असं मन सांगतं. परीक्षेत पान समोर नसतं, नुसता प्रश्न असतो, आणि तिथे ओळख कामाला येत नाही.

पुन्हा वाचण्याचा मोह किती मोठा आहे, हे २००९ साली त्याच संशोधकांनी अँड्र्यू बटलर यांच्यासोबत केलेल्या पाहणीत दिसलं. अभ्यास कसा करता, असं १७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८४ टक्के म्हणाले की नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो. स्वतःला प्रश्न विचारून, आठवून पाहतो असं सांगणारे ११ टक्केच निघाले.

आठवून पाहणं आपल्याला चाचणीसारखं वाटतं. आधी शिकायचं, मग कितपत आलं ते तपासायचं, असा आपला हिशोब असतो. पण आठवण्याचा प्रयत्न हा शिकण्याचाच भाग आहे. एखादी गोष्ट डोक्यातून ओढून काढली की पुढच्या वेळी ती सापडणं सोपं होतं. वाचताना ही मेहनत पुस्तक आपल्या वतीने करून टाकतं.

एक कोरा कागद आणि गोदावरी

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहायला शाळेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत सगळ्यांना भेटणारा विषय घेऊ: महाराष्ट्रातल्या नद्या. गोदावरीवरची दोन पानं नकाशा शेजारी ठेवून एकदा नीट, समजून वाचायची. मग पुस्तक मिटायचं आणि कोरा कागद घ्यायचा.

उगम? त्र्यंबकेश्वरजवळ, ब्रह्मगिरी. लांबी? १,४६५ किलोमीटर. वाटेवरची गावं? नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड. पैठण म्हटल्यावर जायकवाडी आठवतं, त्यापाठोपाठ नाथसागर. उपनद्या? दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा... आणि इथे पेन अडतं. या झाल्या उजव्या काठाच्या. डाव्या काठाला कोण? ‘प’ने सुरू होणारं काहीतरी आहे, एवढंच आठवतं.

या क्षणी हात आपसूक पुस्तकाकडे जातो. तो थोडा वेळ थोपवायचा. नकाशा डोळ्यांसमोर आणायचा, परभणीच्या बाजूने कोणती नदी येते ते आठवून पाहायचं. ‘पूर्णा’ आठवली तर उत्तमच. नाही आठवली तरी ते अर्धं मिनिट फुकट जात नाही, कारण अडल्यानंतर पाहिलेलं उत्तर न अडता वाचलेल्या उत्तरापेक्षा जास्त लक्षात राहतं. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं, चुकलेलं वेगळ्या शाईने त्याच कागदावर लिहायचं. ही दुरुस्ती टाळली तर चुकीचं उत्तरच पाठ होण्याचा धोका असतो.

या कागदाचा दुसरा फायदा असा की पुढच्या वेळी काय वाचायचं ते तो सांगतो. दोन्ही पानं पुन्हा वाचायची गरज नसते. वेगळ्या शाईतल्या चार ओळी पुरतात.

लिहायचा कंटाळा आला तर मोठ्याने सांगावं. ऐकायला धाकटी बहीण चालते आणि भिंतही चालते. अट एकच, पुस्तक मिटलेलं हवं.

विसरण्याचं गणित

आठवून पाहायचं हे ठरलं. आता प्रश्न उरतो, कधी? त्याच्या उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत जावं लागतं. तिथे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. कविता किंवा उतारे घेतले तर आधीची ओळख मध्ये येणार, म्हणून त्यांनी दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले. त्यांच्या माळा ते ठरावीक लयीत वाचून पाठ करायचे, मध्ये काही काळ जाऊ द्यायचे, आणि तीच माळ पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते मोजायचे. १८८५ साली त्यांनी हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं.

वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना त्यांची ५८ टक्के मेहनत वाचली. तासाभराने ४४ टक्के, दिवसाने ३४ टक्के. पण एकतीस दिवसांनीही २१ टक्के मेहनत वाचतच होती. म्हणजे विसरणं सुरुवातीला वेगाने होतं आणि मग मंदावतं. ‘माणूस दिवसभरात सत्तर टक्के विसरतो’ असं वाक्य शिकवणी वर्गांच्या भित्तिपत्रकांवर दिसतं, ते या आकड्यांचं सैल रूप आहे. ते आकडे एका माणसाचे, अर्थहीन अक्षरांचे आणि वाचलेल्या मेहनतीचे होते. अर्थ असला की चित्र पालटतं. एबिंगहाउस यांनीच इंग्रज कवी बायरनच्या कडव्यांवर हाच प्रयोग केला, तेव्हा तेवढ्याच अक्षरांसाठी लागणारी घोकणी सुमारे एक दशांशावर आली.

विद्यार्थ्यांच्या खऱ्या कामाचा शोध त्याच पुस्तकात जरा मागे दडला आहे. बारा अक्षरगटांची माळ एका दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटल्याने जो परिणाम साधला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागून म्हटलेल्या ३८ वेळांनी साधला. माळ तीच, डोकं तेच, आणि मेहनत जवळजवळ निम्मी.

यानंतरच्या शतकभरात हे अनेकांनी अनेक तऱ्हांनी पडताळून पाहिलं. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी पत्नी आणि दोन मुलींना सोबत घेऊन परभाषेतले शब्द शिकायचा प्रयोग वर्षानुवर्षं चालवला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या.

किती अंतर ठेवायचं, याला एकच उत्तर नाही. ते कधीपर्यंत लक्षात ठेवायचं आहे, त्यावर ठरतं. २००८ साली निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगाचा ढोबळ मथितार्थ असा: परीक्षा आठवड्यावर असेल तर एखाददुसऱ्या दिवसाचं अंतर बरं, महिन्यावर असेल तर दहा-बारा दिवसांचं, आणि वर्षभर टिकवायचं असेल तर साधारण तीन आठवड्यांचं. जूनमध्ये शिकलेला धडा मार्चमध्ये लिहायचा असेल, तर त्याची उजळणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवणं हा सगळ्यांत महागडा मार्ग आहे.

वेळापत्रक अवघड करायची गरज नाही. आज शिकलेल्या धड्यावर उद्या पाच मिनिटं, आठवड्याने दहा मिनिटं आणि महिन्याने एकदा कोरा कागद, एवढं पुरतं. शब्दार्थ, सनावळ्या, सूत्रं अशा सुट्या गोष्टींसाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात खोक्याची युक्ती सांगितली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर आणि खोक्याला कप्पे. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा विचारलं जातं. चुकलेलं पुन्हा पहिल्या कप्प्यात येतं. आज मोबाइलवर चालणाऱ्या ‘आन्की’सारख्या ॲपच्या मुळाशी हीच कल्पना आहे. चपलेचं रिकामं खोकंही तेच काम करतं.

सरावसंच आणि संकीर्ण

गणिताचा अभ्यास करणाऱ्या मुलांची एक तक्रार घरोघरी ऐकू येते: ‘घरी सगळी गणितं सुटतात, पेपरात सुचत नाही.’ याचं कारण बऱ्याचदा गणितांच्या क्रमात असतं. वर्गसमीकरणांचा सरावसंच सोडवताना प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचंच असतं. कोणती रीत लावायची हा विचार प्रकरणाच्या शीर्षकानेच करून टाकलेला असतो. मुलाकडे उरते ती आकडेमोड. पेपरात शीर्षक नसतं. समोरचं शाब्दिक उदाहरण दोन चलांतल्या समीकरणांचं आहे, अंकगणिती श्रेढीचं आहे की वर्गसमीकरणाचं, हे आधी ओळखावं लागतं, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासलं. चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची सगळी उदाहरणं लागोपाठ सोडवली, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर कोसळला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. इथेही तोच घोटाळा: सरावातलं यश पाहून ज्याने पाठ थोपटून घेतली, तोच मागे पडला.

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो आणि वेळ कमी पडला की पहिली गदा त्याच्यावर येते. खरं तर तोच सोडू नये. त्याच्याही पुढे जाऊन दर रविवारी झालेल्या सगळ्या प्रकरणांतलं एकेक उदाहरण चिठ्ठीवर उतरवून, चिठ्ठ्या मिसळून सोडवावीत. आधी फक्त ‘हे कोणत्या रीतीचं?’ एवढंच ओळखून दाखवावं, मग आकडेमोड.

भूगोलालाही हे लागू पडतं. गोदावरीच्या उपनद्या एकट्या पाठ असतात, पण ‘जोड्या लावा’ आलं की नीरा कृष्णेला जाते आणि वारणा भीमेला. म्हणून तिन्ही नद्यांची उजळणी एकत्र करावी. इंद्रायणी, सीना, कोयना, प्रवरा, पंचगंगा अशा नावांतून प्रत्येकीला तिच्या नदीपाशी पोचवायचं, आणि भीमा स्वतःच पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते, हेही त्याच ओघात पक्कं होतं.

‘का?’ विचारल्यावर

सुटी माहिती लवकर गळते आणि कशाला तरी जोडलेली टिकते. हे जोडकाम ‘का’ हा प्रश्न करतो. गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरवर उगम पावते. मग ती एवढा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला का मिळते? कारण सह्याद्री पश्चिमेला भिंतीसारखा उभा आहे आणि दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. हे एक उत्तर हाती आलं की भीमा आणि कृष्णा यांच्या वाहण्याची दिशा वेगळी पाठ करावी लागत नाही. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: तापी आणि नर्मदा उलट्या पश्चिमेला कशा? त्या खचदऱ्यांतून वाहतात म्हणून. पाच नोंदींऐवजी एक कारण आणि त्याला एक अपवाद, एवढंच डोक्यात ठेवावं लागतं.

‘आठवून लिहा’ म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच की, असा आक्षेप काही शिक्षक घेतात. २०११ साली कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी त्याची परीक्षा घेतली. एका गटाने विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, दुसऱ्याने उतारा मिटून आठवून लिहिला. आठवड्याने दोन्ही गटांना पाठांतराच्या प्रश्नांबरोबर अर्थ लावायला लावणारे प्रश्नही विचारले. दोन्हींत आठवून लिहिणारे पुढे राहिले.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती. पाढे, पावकी, निमकी, तिथी-महिने, श्लोक असं सगळं पुस्तकाशिवाय, रोज. आठवून म्हणणं आणि दिवसांचं अंतर ठेवून म्हणणं, या दोन्ही गोष्टी तिच्यात होत्या, म्हणून त्या पिढीचे पाढे म्हातारपणापर्यंत शाबूत राहिले. तिची उणीवही स्पष्ट होती. सगळं एकाच क्रमाने चालायचं. मधूनच ‘सात नव्वे?’ विचारलं की पोर ‘सात एके सात’पासून जिना चढायला लागायचं. आडवेतिडवे पाढे विचारणारे मास्तर ही उणीव बरोबर हेरायचे.

अधोरेखनाचा रंग

२०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धतींवरचं तोवरचं संशोधन तपासून त्यांची प्रतवारी लावली. वरच्या श्रेणीत दोनच पद्धती बसल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास विभागून करणं. सरमिसळ सराव, ‘का’ विचारणं आणि स्वतःला समजावून सांगणं या मधल्या श्रेणीत आल्या. पुन्हा वाचणं, रंगीत पेनांनी अधोरेखन करणं आणि सारांश लिहिणं खालच्या श्रेणीत गेलं.

खालच्या श्रेणीतलं सगळं टाकाऊ आहे असं नाही. धडा पहिल्यांदा समजून घ्यायला वाचावंच लागतं, आणि कागदावर काहीच आठवत नसेल तर पुन्हा वाचण्यावाचून गत्यंतर नाही. सारांश लिहायचं कसब असलेल्याला त्याचा उपयोग होतो. अधोरेखनाने मात्र काम झाल्याचं समाधान फार स्वस्तात मिळतं. रंगवलेल्या ओळीच्या शेजारी समासात तिचं उत्तर येईल असा प्रश्न लिहून ठेवला, तर तेच पुस्तक पुढच्या वेळी प्रश्नपत्रिकेचं काम करतं.

झोपेची गोष्ट थोडक्यात. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाक यांनी दाखवलं की पाठ केल्यावर झोपलेल्याला तेवढाच वेळ जागं राहिलेल्यापेक्षा जास्त आठवतं. झोपेत नवी आठवण पक्की होते, हे पुढच्या संशोधनाने दृढ केलं. पेपरच्या आदल्या रात्री उरलेली तीन प्रकरणं उरकायला जागणारा मुलगा आधीची दहा प्रकरणं पक्की व्हायची वेळ त्यात घालवत असतो.

वर्गात आणि घरात

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९९४ साली या सगळ्या रीतींना एकत्र बांधणारी कल्पना मांडली: इष्ट अडचणी. अडचण पेलण्याजोगी असेल तर ती शिकणं सुरुवातीला मंदावते, पण खोलवर नेते. पण हे एकट्या मुलावर सोडून चालत नाही, कारण अडखळणं कोणालाच आवडत नाही आणि मुलांना तर त्याची शिक्षाच मिळत आलेली असते.

हर्बर्ट स्पिट्झर यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सहावीच्या ३,६०५ मुलांवर मोठा प्रयोग केला होता. वाचन झाल्यावर लवकर चाचणी दिलेल्या मुलांच्या लक्षात मजकूर पुढे जास्त काळ राहिला. आपल्या वर्गात यासाठी वेगळा तास लागत नाही. तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न पुरेत: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहायची, प्रत्येकाने आपली आपण तपासायची आणि गुण द्यायचे नाहीत. गुण आले की मुलं चूक लपवायला शिकतात, आणि इथे तर चूक उघडी पडणं हाच फायदा आहे.

घरी ‘आज किती तास अभ्यास झाला?’ असं विचारलं जातं. तास भरायचे असले की पुस्तक उघडं ठेवणं पुरतं आणि मुलं तेच करतात. त्याऐवजी जेवताना ‘गेल्या रविवारी कोणता धडा केलास, त्यातलं काय आठवतंय ते सांग बघू’ असं विचारावं. मुलगी अडखळेल, अर्धवट सांगेल, मध्येच ‘थांब, पुस्तक बघून सांगते’ म्हणत उठायला लागेल. तिला तसंच बसवून आणखी मिनिटभर आठवू द्यावं आणि जेवण झाल्यावर पुस्तक पाहू द्यावं. त्या मिनिटाची गणना अभ्यासाच्या तासांत होत नाही, पण मार्चच्या पेपरात कामाला येणारं बरंचसं त्यातूनच येतं.